वीस पुरचुंड्या

मला नाही म्हणता येत नाही. कोणी काही विचारलं की माझी मान आधी हलते आणि विचार मागाहून येतो. शाळेत बाई विचारायच्या, "समजलं का?" मी मान हलवायची. चौथी संपली तरी भागाकार मला समजलेला नव्हता, पण बाईंची खात्री झालेली होती. पुढं धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणीतरी हवं होतं. मला विचारलं, आणि तेव्हाही मी मानच हलवली. शाळा तिथंच संपली. मराठी तेवढी देवळाच्या बैठकीत, म्हणजे तिथल्या वर्गात, संध्याकाळी शिकले आणि ती टिकली. तिच्यातच हे लिहिते आहे. कोणाला वाचायला द्यायचं नाही, म्हणजे लाजायचंही कारण नाही.

माझ्यासारखीनं माणसं कामाला लावायचा धंदा केला, तोही बारा-तेरा वर्षं, याचं आमच्या गावात अजून नवल करतात. "तू तोंड उघडत नाहीस, मग एवढ्या मुली कारखान्यांना मिळवून दिल्यास कशा?" असं विचारतात. मी हसते आणि चहा आणायला आत जाते. चहा आणायला आत जाणं हा माझा सगळ्यात जुना उपाय आहे.

सुरुवात रिकाम्या सीटांपासून झाली. सत्तर सालानंतर आमच्या बेटावर स्वेटर आणि शर्टांचे कारखाने एकामागून एक उघडायला लागले. आम्ही त्यांना लिझीन म्हणतो. क्रेओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या सगळ्यांच्या बोलीत, तसंच म्हणतात. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, व्हाकोआच्या बाजूच्या एका स्वेटरच्या लिझीनमध्ये व्हॅन चालवायचं काम मिळालं. पहाटे आमच्या कार्तिए मिलितेरच्या नाक्यावरून निघायचं, वाटेत मुली घ्यायच्या, संध्याकाळी परत सोडायच्या. व्हॅनमध्ये सीटा बारा आणि मुली पाच. तिथला मुख्य साहेब हाँगकाँगहून आलेला होता. त्यानं ह्यांना सांगितलं, रिकाम्या सीटा फिरवून आणू नकोस.

हे घरी येऊन म्हणाले, "सात सीटा भरायच्या आहेत. मी पुरुष माणूस. दुसऱ्याच्या दारात जाऊन तुमची मुलगी माझ्या गाडीत बसवा म्हटलं तर काठी घेऊन मागं लागतील."

"मग?" मी विचारलं.

"मग तू जा."

माझी मान हलली.

दारात जाऊन उभी राहिले खरी, पण शब्द फुटेना. एका घरी त्यांना वाटलं मी विरजण मागायला आले आहे. त्यांनी वाटी भरून दिली, ती घेऊन परत आले. दुसऱ्या घरून लिंबं घेऊन आले. ते पाहून माझ्या सासूबाई पदर खोचून उठल्या. त्यांना आम्ही सगळे आये म्हणायचो. आयेनं उसाच्या मळ्यावर बायकांच्या टोळीची मुकादमी केलेली होती, आणि तिचा आवाज तीन शेतं ओलांडून जायचा.

"चल गो," ती म्हणाली. "नाहीतर तू महिनाभरात गावचं सगळं दही घरी आणशील आणि मुलगी एक नाही."

त्या दिवसापासून वाटणी ठरून गेली. बोलायचं आयेनं, बघायचं मी. बापाला काय सांगायचं, आईला कशी गप्प करायची, हे तिचं काम. आणि मुलगी या कामाला लागेल की नाही, हे माझं.

माझी बघायची रीत साधी होती. मला प्रश्न विचारता येत नसत, म्हणून मी तांदूळ निवडायला बसवायची. मुलगी आमच्या पडवीत आली की तिच्यापुढं सूप ठेवायचं, माझ्यापुढं एक ठेवायचं, आणि दोघींनी खडे काढत बसायचं. आये मधूनमधून काहीतरी विचारायची. बोलताना जिचे हात थांबत नाहीत ती पक्की. बोलायला जिचे हात थांबतात तिला शिलाईला नाही, घड्या घालायला पाठवायचं. जी बोलतच नाही तिच्याकडं मी जास्त लक्ष द्यायची, कारण ती आठ दिवसांत रडत परत यायची शक्यता असते. हे मला कोणी शिकवलं नाही. मीच तसली होते.

पुढं मोठमोठ्या लिझीनमध्ये कागद भरून घ्यायला लागले, फोटो मागायला लागले, उंची मोजायला लागले. मोजू देत. माझं सूप चुकल्याचं मला फारसं आठवत नाही. आणि आमच्या घरात कधी भातात खडा लागला नाही.

पहिली दोन वर्षं साहेब मला मोबदला म्हणून स्वेटर पाठवायचा, बिघडलेले. एक बाही लांब, एक आखूड. गळा एवढासा की डोकं जाईना. आमच्याकडं थंडी आणि पावसाची झिमझिम बारा महिने, त्यामुळे ते स्वेटर मी ज्या घरून मुलगी घेतली त्या घरी देऊन टाकायची. एका हिवाळ्यात देवळात आरतीला उभे राहिलेले निम्मे लोक डावा हात बाहीत हरवून टाळ्या वाजवत होते.

अशा तऱ्हेनं बारा सीटा भरल्या. मग साहेबानं पंचवीस सीटांची मोठी गाडी घेतली. पण काही महिन्यांनी आमच्या बारांतल्या सात मुली जवळच्या दुसऱ्या लिझीननं उचलल्या आणि गाडी पुन्हा ओकी झाली. आमच्या पाच राहिल्या. त्याच सुमारास नवीन मशीनं आली. स्वेटरची बाही खांद्याला जोडायची मशीनं, गोल ताटासारखी, कडेनं बारीक सुया उभ्या. लोकरीचा एकेक टाका एकेका सुईवर अडकवायचा. एक चुकला की स्वेटर उसवला. या कामाला रेमायाज म्हणतात. त्याला तरुण डोळे लागतात आणि शांत बोटं.

साहेबानं मला लिझीनमध्ये बोलावलं. त्या दिवशी आये तापानं पडलेली होती, म्हणून मी एकटीच गेले. साहेबाला क्रेओलचे दहाबारा शब्द येत होते, आणि मला येत असलेले सगळे शब्द त्याच्यासमोर पळून गेले. त्याच्या टेबलामागं भिंतीवर मोठं कॅलेंडर होतं, जहाजाच्या चित्राचं. त्यानं त्यातल्या एका सोमवारावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "व्हें तिफी. लेंदी?" म्हणजे वीस मुली, सोमवारी.

मी कॅलेंडर पाहिलं. गणपती बसून उठून गेलेले असतील. मुली मोकळ्या असतील. मला फार बरं वाटलं की मला हिशेब लगेच जमला. मान हलली. साहेबानं त्या सोमवाराभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला आणि मला हातानं खूण करून समजावलं की वीस म्हणजे वीस. मशीनं वीस आहेत, माल जहाजानं जायचा आहे, आणि सोमवारी एक जरी मशीन बंद दिसलं तर पुढच्या मुली तो व्हाकोआच्या एजंटाकडून घेईल. तो एजंट स्कूटरवरून फिरायचा आणि घरोघर स्वतःचा फोटो छापलेलं कार्ड वाटायचा. माझ्याकडं सूप होतं.

पंधरा दिवसांत वीस मुली जमल्या. सतरा आमच्या मराठी घरांतल्या, तीन भोजपुरी बोलणाऱ्या शेजारच्यांच्या. गणपती आले, मोदक झाले, झाकड्या नाचून-गाऊन झाल्या, मूर्ती नदीत सोडून सगळे ओले होऊन घरी आले. सोमवारला चार दिवस राहिले होते. गुरुवारी देवळात भजनानंतर काका पंचांग घेऊन बसले.

या काकांचं सांगायला हवं. ते आमच्या गावचे पंचांग वाचणारे. नात्यानं कोणाचेच नाहीत, म्हणून सगळ्यांचे काका. लग्न, बारसं, घराचा पाया, गाय विकणं, सगळं त्यांना विचारून. ते एका जाड लाल उशीवर मांडी घालून बसायचे, कारण त्यांच्या गुडघ्यांना फरशी सोसत नसे. त्या उशीवर बसून ते बोलले की गावात ते झालंच म्हणून समजा. त्या गुरुवारी काकांनी चष्मा वर केला आणि सांगितलं, "शनिवार चांगला. रविवारपासून पितरांचा पंधरवडा. नवीन काम नाही, नवीन कपडा नाही, नवीन वाट नाही. अमावास्या झाल्यावर बघू."

माझ्या हातातला प्रसाद तसाच राहिला. जहाजाच्या कॅलेंडरवर तारखा होत्या, सुट्ट्या होत्या, चंद्रसुद्धा होता. पितर नव्हते. आणि मी, मराठी घरातली बाई, दर वर्षी स्वतःच्या हातानं पितरांना वाढणारी, एका परक्या माणसाच्या बोटाकडं बघून मान हलवून आले होते.

शुक्रवारी सकाळपासून आया यायला लागल्या. पडवीत गर्दी झाली.

"वैनी, आमची पोर सोमवारी नको गो."

"अमावास्येनंतर पाठवते, मग म्हटलंस तर दुसऱ्या दिवशी."

"माझे सासरे आताच म्हणतायत, पंधरवड्यात पोरगी कामाला लावली आणि सुईत बोट गेलं तर?"

तीन भोजपुरी घरच्याही आल्या. त्यांच्याकडंही हाच पंधरवडा. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी आयेकडं पाहिलं. अशा वेळी आये एक ओरडा द्यायची आणि सगळं रांगेला लागायचं. पण आये खांबाला टेकून सुपारी कातरत राहिली.

"आये, बोला ना काहीतरी," मी हळूच म्हटलं.

"काय बोलू? बरोबरच म्हणतात त्या. माझ्या नवऱ्याचं पान मी सप्तमीला वाढायचं, आणि मी लोकांना सांगू की पितरांना थांबायला सांगा, चिन्याचं जहाज निघालंय? मी नाही बोलायची. दिवस ठरवताना तुझी मान मला विचारायला आली होती का?"

आया हसल्या. मी चहा आणायला आत गेले. या वेळी चहानं भागणार नव्हतं, तरी गेले. चुलीपुढं बसून मी मोजत होते की साहेबाला काय सांगायचं आणि कसं. आणि मला कळत होतं की मी ते सांगायला जाणारच नाही. मी घरी बसून राहीन, सोमवारी रिकामी गाडी जाईल, आणि मंगळवारी स्कूटर आमच्या गावात फिरेल. दोन वर्षं मी ज्या घरांत जाऊन बसले, त्या घरांत मग फोटोचं कार्ड लागेल. मला त्या धंद्यातून मोठंसं काही मिळत होतं असं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट होती जी मला येत होती.

संध्याकाळी हे गाडी धुवून घरी आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते पाय धूत म्हणाले, "बघ, साहेबाला सीटा भरलेल्या हव्यात ना? मग एकेका सीटवर एकेकीची चप्पल ठेवतो. मी आपला वीस चपला घेऊन जातो. म्हणतो, साहेब, मुली मागाहून येतायत."

"थट्टा पुरे," मी म्हटलं. आणि मग तशीच उभी राहिले.

कारण मला माझ्या वडिलांची टोपी आठवली.

माझ्या लहानपणी वडिलांना दूरच्या एका मळ्यावर काम लागलं होतं आणि निघायचा दिवस आला मंगळवार. मंगळवारी निघणं आमच्या आजीला चालेना. मग तिनं सोमवारीच वडिलांची गवती टोपी, त्यात सुपारी आणि चिमूटभर तांदूळ, अशी त्या वाटेवरच्या एका ओळखीच्या घरी नेऊन ठेवली. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. आमच्या आजीच्या तोंडी पस्तान. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. पुढं तीन दिवसांत माणसानं वस्तूच्या मागनं जायचं, तेव्हा ते निघणं नसतं, नुसतं पोचणं असतं. वडील सोमवारभर घरात उघड्या डोक्यानं बसून होते आणि आई आम्हाला सांगत होती, "आवाज करू नका, बाबा गावाला गेलेत." आम्ही त्यांच्या पाठीवर चढून खेळत होतो.

मी ह्यांना म्हटलं, "उद्या शनिवार. उद्या वस्तू निघाल्या तर?"

ह्यांनी तोंड पुसलं. "काकांना विचार."

"तुम्ही विचारा."

"मी ड्रायव्हर आहे. गाडी पुसायची की नाही ते मला विचार."

मी आयेकडं पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडं बघू नकोस. मी तुझ्यामागं येईन. पुढं नाही."

अजून उजेड होता तोवर आम्ही काकांकडं गेलो. ते ओट्यावर लाल उशीवर बसलेले होते. आये खरोखरच मागं थांबली, पेरूच्या झाडाखाली. मी काकांच्या पायांकडं बघत बोलले. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. टोपी, सुपारी, वीस मुली, शनिवार, एवढं बहुतेक आलं असावं, पण कोणत्या क्रमानं ते देव जाणे. काकांनी चष्मा नीट केला आणि माझ्याकडं पाहिलं.

"तू बोलतेस होय गो?" ते म्हणाले. "मला वाटायचं तुझ्या सासूनं मुकी सून केली."

पेरूखालून आवाज आला, "मुकी नाही, हळू आहे. ऐकून घ्या."

काकांनी पंचांग न उघडताच बोटं मोजली. "प्रस्थान खरं आहे. माझ्या आज्यानंही ठेवलेलं. पण वस्तू स्वतःच्या वापरातली हवी. दुकानातून आणलेली चालत नाही."

"हो."

"आणि जिची वस्तू गेली, तिनं तिसऱ्या दिवसाच्या आत गेलंच पाहिजे. मग ताप आला, पाहुणे आले, चालणार नाही. वस्तू गेली म्हणजे पाय गेला."

"हो."

"आणि ज्या छपराखाली ठेवायची तिथं दिवा लागला पाहिजे. तुझ्या लिझीनमध्ये दिवा कोण लावतं?"

मी विचार केला. "तिथले दिवे विझवतच नाहीत, काका. दोन पाळ्या चालतात."

काका इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला. "जा," ते म्हणाले. "मी देवळात सांगतो."

मी उठले, आणि मग धीर करून विचारलं, "तुमच्या नातीची वस्तू सकाळी घेऊन जाऊ?" कारण काकांची नात माझ्या विसांतली एक होती, आणि हात तिचेच सगळ्यात चांगले होते.

काकांचं हसू थांबलं. "माझ्या घरची नको. लोकांना मी सवलत सांगतो, ती मीच घेतली तर उद्या सगळे म्हणतील म्हातारा आपल्या सोयीनं पंचांग वाचतो. ती अमावास्येनंतर येईल."

माझी मान हलली. पेरूखालून आये म्हणाली, "एकोणीस."

शनिवारी सकाळी पडवीत पुरचुंड्या यायला लागल्या. प्रत्येकीत सुपारी, हळदकुंकू, तांदळाचे चार दाणे आणि स्वतःची एक वस्तू. मी त्या एकेक उघडून बघून परत बांधत होते, आणि मला वाटायला लागलं की सुपात तांदूळ घालण्यापेक्षा हे बरं. एकीनं लाल रिबीन पाठवली होती, इस्त्री करून. एकीनं शाळेतली पेन्सिल, दोन्ही बाजूंनी टोक काढलेली. एकीनं भावाच्या कंपासपेटीतला फुटका कोनमापक. ही मुलगी घाईत होती, असं मी मनात लिहून ठेवलं, आणि ती पुढं सहा महिन्यांत पळून जाऊन लग्न करून मोकळी झाली. एकीच्या पुरचुंडीत घराची किल्ली होती. तिची आई अंथरुणाला होती आणि घर तिच्यावर चालायचं. मी किल्ली परत पाठवली, म्हटलं दार कसं उघडशील. तिनं उलट निरोप पाठवला, दाराला कुलूप कधी नव्हतंच, पण रोज हातात असते ती हीच. ती मुलगी त्या लिझीनमध्ये सगळ्यात जास्त टिकली.

एकोणीस झाल्या. टोपलीत ठेवल्या. विसावी जागा दिसत होती. साहेब मोजणार हे मला माहीत होतं. मी आत गेले, माझा लाकडी कंगवा घेतला, सुपारी घातली, आणि गाठ मारली. माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं की आकडा जुळावा.

बसमध्ये ती टोपली मांडीवर घेऊन मी व्हाकोआला गेले. शेजारच्या बाईनं विचारलं, "गातो?" म्हणजे केक आहेत का. मी मान हलवली, आणि मग सगळा रस्ता तिच्यापासून टोपली लपवत बसले.

लिझीनच्या फाटकावर पहारेकऱ्यानं कपडा उचलला. त्यानं एक पुरचुंडी दोन बोटांत धरली, हळद पाहिली आणि पटकन खाली ठेवली. "मादाम, हे कोणावर करायचं आहे?"

"कोणावर नाही," मी म्हटलं. "मुली आहेत."

त्यानं टोपलीत पुन्हा पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकला. साहेबाला बोलावून घेतलं.

साहेब आला. मी क्रेओलमध्ये सांगायला लागले, आणि पहारेकरी माझं क्रेओल त्याच्या सोप्या क्रेओलमध्ये करून सांगत होता, म्हणजे मोठ्यानं. साहेबाला किती समजलं कोणास ठाऊक. त्यानं पुरचुंड्या मोजल्या. वीस. मग कॅलेंडरच्या दिशेनं बोट करून विचारलं, "लेंदी?"

"लेंदी," मी म्हटलं. मान न हलवता, तोंडानं.

मग त्यानं टोपली उचलली आणि मला आत नेलं. मी दोन वर्षं मुली पाठवत होते, पण त्या हॉलमध्ये पाऊल टाकलेलं नव्हतं. कायम बाहेरच्या बाकावर बसून परत यायची. आत कोपऱ्यात भिंतीला लाल रंगाची लहान फळी होती. तिच्यावर तीन संत्री, उदबत्त्या, आणि एक छोटासा लाल दिवा जळत होता. त्याच्या घरचा देव. साहेबानं संत्री एका बाजूला सरकवली आणि वीस पुरचुंड्या एका रांगेत मांडल्या. एक तिरकी होती, ती सरळ केली. मला वाटलं, काकांना सांगायला हवं, दिवा आहे.

संध्याकाळी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "छान. आणि वस्तू किती ठेवल्यास?"

"वीस."

"विसावी कोणाची?"

माझा हात केसांकडं गेला. काकांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या डोक्याकडं पाहिलं. सकाळपासून मी हातानंच केस सारखे केले होते.

"सूनबाय," काका म्हणाले, "वस्तू गेली म्हणजे पाय गेला. मी तुला सांगितलं होतं."

घरी येईपर्यंत आये रस्त्यानं हसत होती. हे म्हणाले, "बरं झालं. दोन वर्षं लोकांच्या मुली बसवल्यास माझ्या गाडीत. आता घरची."

"मला ते काम येत नाही!"

"तांदूळ निवडायला लावू का तुला?" आये म्हणाली.

सोमवारी पहाटे एकोणीस मुली नाक्यावर उभ्या होत्या, धुक्यात, डबे घेऊन. एकीचाही बाप आडवा आला नाही. वस्तू पुढं गेली होती, आता मुलगी ठेवून घेणं हाच अपशकुन झाला असता. मी विसाव्या सीटवर बसले. गाडी सुटणार तेवढ्यात आये धावत आली आणि खिडकीतून डबा आत ढकलला. "सगळा खा. आणि कोणी काही विचारलं तर आधी विचार कर, मग मान हलव."

वीसच्या वीस मशीनं चालू झाली. साहेब रांगेतून फिरला, माझ्यापाशी थांबला, मला ओळखलं, आणि पुढं गेला. ज्या कामाला तरुण डोळे लागतात त्याला मी बसले होते. पहिल्या दिवशी मी जोडलेली बाही उलटी लागली. दुसऱ्या दिवशी बाही सुलटी लागली, पण गळ्याला. माझ्या मुली मला तांतिन, म्हणजे मावशी, म्हणायच्या; त्या मान खाली घालून हसत होत्या.

"तांतिन, हात थांबतायत तुमचे!"

"बोलतही नाहीत. आठ दिवसांत रडत जाणार!"

त्यांना माझी रीत ठाऊक होती हे मला तेव्हा कळलं.

रडले नाही. पण चौथ्या दिवशी मला समजलं की ज्या स्टुलावर आम्ही दहा तास बसायचो त्याला पाठ नाही, आणि वरची फळी लोखंडाची आहे, आणि संध्याकाळी व्हॅनमधून उतरताना मुली हसतात ते कमरेला हात लावून हसतात. दोन वर्षं आये घरोघर सांगत होती, "बसून काम आहे हो, सावलीत, उसासारखं नाही." ते खोटं नव्हतं. मी मागं उभी राहून मान हलवत होते, तेही खोटं नव्हतं. पण ते स्टूल आम्ही दोघींनी पाहिलेलं नव्हतं. पाचव्या दिवशी मी घरून गोणपाटाची घडी नेली. पुढच्या आठवड्यात वीसही स्टुलांवर काहीतरी होतं, शाल, जुनं लुगडं, एकीची शाळेची पिशवी.

अमावास्या झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः नातीला घेऊन आमच्या पडवीत आले. आये आत होती. मी एकटीच होते. माझ्या पुढ्यात माझा कंगवा होता, मशीन आता काकांच्या नातीचं म्हणून साहेबानं परत दिलेला, सुपारीसकट.

"आता हिला पाठवतो," काका म्हणाले. "तू आतून बघून आलीस. तिथं सगळं बरं आहे ना?"

माझी मान हलायला लागली. अर्ध्यावर आली तेव्हा मी ती थांबवली. फार विचित्र वाटतं ते, चालत्या माणसाला कोणी पदर धरून थांबवावं तसं.

"बरं आहे," मी म्हटलं. "सगळं नाही." आणि मग स्टुलाचं सांगितलं, फळीचं सांगितलं, डोळ्यांना पाणी येतं ते सांगितलं, दुपारनंतर दर तासाला उठून मशीनभोवती एक फेरी घालायची म्हणजे कंबर धरत नाही, तेही सांगितलं. एका दमात. आये आतून येऊन दारात उभी राहिली होती. तिच्या हातात चहा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलत होते आणि चहा तिनं आणला होता.

काका उठले. नातीला तिथंच थांबायला सांगून ते घरी गेले आणि आले तेव्हा त्यांच्या काखेत लाल उशी होती. ती त्यांनी नातीच्या हातात दिली.

त्यानंतर माझ्याकडून गेलेली प्रत्येक मुलगी उशी घेऊन गेली. ते आम्ही पडवीतच सांगायचो, सूप ठेवण्याच्या आधी. पुढं इतर लिझीनमधून मुली मागायला माणसं यायची, ती एजंटाचं कार्ड बाजूला ठेवून विचारायची, उशीवाल्या मुली मिळतील का?

आणि काका त्या वर्षी दिवाळीपर्यंत देवळात नुसत्या चटईवर बसून पंचांग वाचत होते. दर थोड्या वेळानं गुडघा बदलायचे, आणि तिथी चुकली की म्हणायचे, उशी कामाला गेली आहे.